एकशे छत्तीस वर्षं पुढे गेलेली नोंद

बुधवारी सकाळी साडेनऊला धुळ्याहून तुमच्या मुलाचा, हेमंतचा, फोन आला. आई सकाळी गेली, असं तो म्हणाला. मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. मग पुन्हा लावून विचारलं, किती वाजता न्यायचं आहे. तो म्हणाला, दोन वाजता.

अक्का, त्या "बरं"ची मला अजून लाज वाटते. तुम्ही असता तर हसला असता. म्हणाला असता, याला बातमी दिली काय आणि पोस्टाचं पाकीट दिलं काय, हा पोच देतो.

जळगावहून धुळ्याची एसटी मिळाली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. वाटेत तुमच्या आठवणी येत होत्या असं लिहायला बरं वाटलं असतं. पण खरं सांगतो, मी सगळा वेळ पत्राचा विचार करत होतो. तुम्ही सात महिने माझ्याकडे जे पत्र मागत होता आणि जे मी लिहिलं नव्हतं, ते.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात आलात तेव्हा तुमच्या निवृत्तीला आठवडा राहिला होता. जामनेर तालुक्यातल्या शाळेत एकतीस वर्षं क्लार्क. आमचा प्रोग्राम घेणारी ती पहिली शाळा. शाळांची जुनी दाखल-खारीज रजिस्टरं पानागणिक स्कॅन करायची, मुलागणिक एक फाईल ठेवायची आणि मागेल त्याला उतारा काढून द्यायचा, एवढंच त्याचं काम. तुम्ही पिशवीतून चार फुलस्केप पानं काढलीत. दोन्ही बाजूंनी लिहिलेली, समास सोडलेला, प्रत्येक चुकीला अनुक्रमांक.

"हे सगळं तुमच्या प्रोग्रामचं. माझं काही नाही," म्हणालात.

मी वाचत गेलो. एकोणतिसावी चूक अशी होती की, एकाच जन्मतारखेची मुलं प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगवेगळ्या क्रमानं लागतात. मी म्हणालो, एकाच तारखेची अशी असून असून किती मुलं असणार?

"तू शाळेत गेला होतास ना रे? अर्धा जिल्हा एक जूनला जन्मलाय. जन्मतारीख ठाऊक नसली की हेडमास्तर एक जून टाकायचे. मीपण एक जूनची. आई म्हणायची, तू झालीस तेव्हा कापूस वेचणी चालू होती. आता जूनमध्ये कुठला कापूस?"

निवृत्तीनंतरच्या सोमवारी तुम्ही आमच्याकडे चाचणीच्या कामाला लागलात. असोद्याहून सकाळच्या बसनं यायचात आणि थंडीत डब्यात भरीत असायचं. प्रोग्राम कसा लिहितात हे तुम्हाला शेवटपर्यंत शिकायचं नव्हतं. "मी तुझं पोट फाडून बघणार नाही. तू काय देतोस ते बघणार," म्हणायचात.

आमच्याकडे तीन यंत्रं होती, कारण शाळांकडे तीन तऱ्हेची होती. एक नवं, चौसष्ट बिटांचं. एक जुनं, बत्तीस बिटांचं, कुणीतरी शाळेला भेट म्हणून दिलेल्यांपैकी. आणि एक तळहाताएवढं, तेही बत्तीस बिटांचं, मोबाईलच्या जातीच्या प्रोसेसरचं, स्वस्तात मिळतं म्हणून खेड्यातल्या शाळांनी घेतलेलं. प्रोग्रामात काही बदललं की शंभरावर चाचण्या तिन्ही यंत्रांवर आपोआप चालायच्या आणि पडद्यावर हिरव्या, लाल रेघा उमटायच्या. तुम्ही तेवढ्यावर थांबायचा नाहीत. आडवं मोठं रजिस्टर आणून त्यात प्रत्येक चाचणीचा निकाल हातानं लिहायचात. पास, नापास. मी चेष्टा केली की म्हणायचात, पडदा पुसला जातो.

त्या रजिस्टरमुळेच तुम्हाला एक पिवळी रेघ दिसली.

सासर असोद्याचं असलं तरी राग आला की तुमची बोली माहेरची, धुळ्याकडची व्हायची. त्या दिवशी तुम्ही खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसलात. "बठ्ठं हिरवं शे. मंग हाई पिवळं काय शे?"

मी समजावून सांगितलं. आपण मुलाची जन्मतारीख हीच त्याच्या फाईलची तारीख म्हणून लावतो. क्लार्कनं फोल्डर उघडलं की सगळी मुलं जन्माच्या क्रमानं समोर, वेगळं काही शिकायला नको. ही युक्ती माझी होती आणि मला तिचा अभिमान होता. पण कॉम्प्युटर तारीख म्हणजे सेकंद मोजतो, एक जानेवारी एकोणीसशे सत्तरपासून. त्याच्या आधीची तारीख असली तर उलटे मोजतो. नव्या यंत्रात त्या आकड्याला भरपूर जागा आहे. जुन्यात बत्तीस बिटांचीच. तेवढ्यात मागे डिसेंबर एकोणीसशे एकपर्यंत जाता येतं आणि पुढे जानेवारी दोन हजार अडतीसपर्यंत. त्यापलीकडची तारीख त्यात मावत नाही.

"म्हणजे छापील फॉर्मवर चार चौकोन असतात तसं. पाचवा आकडा कुठे लिहायचा?"

"अगदी तसंच."

"मग तो पाचवा आकडा जातो कुठे?"

मी म्हणालो, ते यंत्रावर अवलंबून आहे. आणि म्हणूनच अठराशे शहाण्णवच्या तारखेची ती एक चाचणी मी बत्तीस बिटांच्या दोन यंत्रांवर वगळली आहे; वगळलेल्या चाचणीची रेघ पिवळी येते. ती तिथे पास होणं शक्यच नाही. दोष आपला नाही, यंत्राची मर्यादा आहे. जगभर असंच करतात.

"आणि खाली लिहून येतं, सर्व चाचण्या यशस्वी."

"वगळलेल्या धरत नाहीत ना अक्का."

"गैरहजरले पास म्हनस का तू?"

त्यावर माझ्याकडे उत्तर होतं, आजही आहे. वगळण्याचं कारण मी प्रोग्रामात लिहिलं होतं, "या यंत्रावर लागू नाही." तुम्ही विचारलंत, ते क्लार्कला दिसतं का? मी म्हणालो, नाही, पण एकोणीसशे एकच्या आधीचं शोधायला येणार कोण? तुम्ही पेनाचं टोपण लावत म्हणालात, "जो येईल ना, त्याला तेवढी एकच नोंद पाहिजे असेल."

तुम्ही रजिस्टरात त्या चाचणीपुढे लाल शाईनं "गैरहजर" लिहिलंत. पुढच्या वेळीही लिहिलंत, त्याच्या पुढच्या वेळीही. मी ते वाचत होतो आणि प्रोग्राम शाळांना देत होतो. बारा शाळा झाल्या.

मागच्या जुलैत तो माणूस आला. पहूरच्या पुढच्या एका खेड्यातून सुपडूभाऊ नावाचे शेतकरी आमच्या ऑफिसात आले, हातात शाळेचं पत्र. मुलगी जागृती, नर्सिंगला नंबर लागलेला. जातपडताळणीसाठी पणजोबांची शाळेतली नोंद हवी होती. पणजोबा झिपरू त्याच शाळेत शिकलेले, हे घरात सगळ्यांना माहीत. शाळेनं लिहून दिलं होतं, सदर नावाची नोंद आढळून येत नाही. मुदतीला अकरा दिवस होते.

त्यांनी मला साधा प्रश्न विचारला, "साहेब, नोंद नाही, का दिसली नाही?"

मी म्हणालो, "प्रोग्राममध्ये काही अडचण नाही. शाळेत नीट बघितलं नसेल."

तुम्ही समोरच्या टेबलाशी होतात. मान वर केली नाहीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर आला नाहीत. तुम्ही त्या शाळेत गेला होतात. तिथले क्लार्क सोनवणे भाऊसाहेब म्हणाले, आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, गठ्ठे सोडायची गरज पडत नाही. तुम्ही कपाटावरचा गठ्ठा खाली घ्यायला लावलात आणि फडकं सोडलंत. दीड तासानं नोंद सापडली. झिपरू, जन्म बारा ऑगस्ट अठराशे सत्त्याण्णव. मग तुम्ही भाऊसाहेबांना कॉम्प्युटरवर फोल्डरच्या अगदी तळाशी जायला सांगितलंत. यंदा पहिलीत आलेल्या मुलांच्याही खाली एक फाईल होती. तारीख अठरा सप्टेंबर दोन हजार तेहतीस, सकाळचे सहा अठ्ठावीस.

न मावलेला आकडा त्या शाळेच्या जुन्या यंत्रावर गोल फिरून दुसऱ्या टोकाला निघाला होता. बत्तीस बिटांतले सेकंद म्हणजे एकशे छत्तीस वर्षं आणि वर काही दिवस. मी नंतर कागदावर करून पाहिलं, तास-मिनिटापर्यंत बरोबर आलं. नव्या यंत्रावर ही चूक झालीच नसती. तळहाताएवढ्या यंत्रावर आणखी वेगळी झाली असती, तिथे एकोणीसशे एकच्या आधीचे सगळे डिसेंबर एकोणीसशे एकमध्ये गोळा होतात. भाऊसाहेब वरून शोधत आले होते, शोधायला पाहिजे तसेच. झिपरू वरती नव्हता. तो अजून जन्मायचा होता.

उतारा मिळाला. पण पडताळणीच्या कार्यालयात आधीचं "नोंद आढळत नाही" आणि आताचा उतारा, दोन्ही एकाच शाळेचे. त्यांनी खुलासा मागवला. त्यात मुदत गेली आणि जागृतीचं वर्ष गेलं.

तुम्ही परत आल्यावर एकदाही म्हणाला नाहीत की मी सांगितलं होतं. मी त्याची तयारी करून बसलो होतो. उत्तरंही ठरवली होती. तुम्ही फक्त अठरा सप्टेंबर लिहिलेली चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवलीत आणि डबा उघडलात. आठ दिवस कामापलीकडे एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं, चाचणी वगळली म्हणून राग आहे. नवव्या दिवशी मीच विषय काढला आणि म्हणालो, चाचणी सुरू करतो.

"चाचणीचं नंतर," तुम्ही म्हणालात. "तू त्या माणसाला काय सांगितलंस? क्लार्कनं बघितलं नसेल. तुला कसं माहीत?"

मी ती अठरा सप्टेंबरची चिठ्ठी उलटी करून ठेवली.

"एकतीस वर्षं ऐकलं मी हे. टीसी चुकला, क्लार्कनं बघितलं नसेल. पगार उशिरा आला, क्लार्कनं बघितलं नसेल. ज्याला काही सापडत नाही तो क्लार्कवर टाकून मोकळा होतो. तुला वेगळा समजत होते."

मग तुम्ही मला पुढचं सांगितलंत. हलगर्जीपणाबद्दल सोनवणे भाऊसाहेबांना मेमो मिळाला होता आणि त्यांच्या सेवापुस्तकात शेरा गेला होता. एवढ्या वर्षांतला पहिला.

"पत्र दे. चूक प्रोग्रामची होती, माणसाची नाही. तुझ्या सहीचं."

अक्का, प्रोग्राम मी तीन आठवड्यांत दुरुस्त केला, हे तुम्ही मान्य कराल. फाईलच्या तारखेवर विसंबणं सोडून दिलं. जन्मतारीख आता शेजारच्या यादीत साध्या अक्षरांत लिहिली जाते आणि क्रम त्यावरून लागतो. अक्षरांना कुठलंही यंत्र कमी पडत नाही. वगळण्याची ती ओळ काढून टाकली. तिन्ही यंत्रांवर चाचणी चालली. तुम्ही मग स्वतःच्या मनानं आणखी तारखा घातल्यात, तुमच्या आजोबांची, हेमंतच्या मुलीच्या निवृत्तीची. सगळ्या पास झाल्यावर तुम्ही रजिस्टर मिटलंत आणि म्हणालात, "आता पत्र."

मी म्हणालो, प्रवेशांची गडबड संपू द्या. लेखी दिलं की सगळ्या शाळा आपापल्या नोंदी तपासायला लावतील.

"लावू देत की. तपासायलाच पाहिजेत."

तुमचं बरोबर होतं. मग दिवाळी आली. मग मी म्हणालो, बाकीच्या शाळांतल्या नोंदी आधी गुपचूप दुरुस्त करू आणि मग सगळ्यांना एकत्र कळवू. "गुपचूप" हा शब्द तुम्ही पुन्हा एकदा म्हणून दाखवलात, चव घेतल्यासारखा. त्यानंतर तुम्ही रोज विचारायला लागलात. चप्पल काढताना, पिशवी ठेवायच्या आधी: "पत्र दिधं का?" मी म्हणायचो, आज बघतो. भांडण असं नव्हतंच. भांडण झालं असतं तर एक दिवस संपलं असतं.

जानेवारीत तुम्हाला धाप लागायला लागली आणि हेमंत तुम्हाला धुळ्याला घेऊन गेला. मी दोनदा आलो. दुसऱ्यांदा तुमच्या नाकाला नळी होती. मी ठरवून आलो होतो की तुम्ही पत्राचं विचारलंत तर सांगायचं, लिहिलंय. म्हणजे खोटं बोलायचं. तुम्ही विचारलं नाहीत. "जुनं यंत्र चालू शे ना?" एवढंच विचारलंत. मी हो म्हणालो. तुम्ही सुनेला मला चहा द्यायला सांगितलंत आणि डोळे मिटलेत. तुम्ही विचारलं नाहीत याचं मला त्या क्षणी बरं वाटलं, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

तुमच्या दिवसांना, गंधमुक्तीला, धुळ्याला पुन्हा आलो. तिथे तुमच्या नणंदबाई मला ओळखत नव्हत्या. हेमंतनं सांगितलं, आईचे साहेब. मला ते दुरुस्त करायचं होतं, पण पंगत बसली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी पत्र छापलं आणि पहूरची गाडी धरली.

सोनवणे भाऊसाहेब माझ्या कल्पनेपेक्षा लहान चणीचे निघाले. मी नाव सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे अक्कांचे विवेक का? कशा आहेत अक्का?"

त्यांना कुणी कळवलं नव्हतं. मी सांगितलं. ते थोडा वेळ टेबलावरचा शिक्का फिरवत राहिले.

"दोनदा येऊन गेल्या ना इकडे. दिवाळीनंतर आल्या तेव्हा मी म्हटलं, अक्का, तुम्हीच लिहून द्या, तुम्हीही तिथल्याच आहात. म्हणाल्या, माझं लिहिलेलं चालायचं नाही. ज्याचं काम त्याचीच सही पाहिजे. मी म्हटलं, नाही दिलं त्यानं तर? म्हणाल्या, देईल. हळू आहे."

मी पत्र पुढे केलं. त्यांनी वाचलं, उलटं करून मागचं कोरं पान पाहिलं, परत वाचलं.

"याला जावक क्रमांक नाही."

"नाही."

"विषय नाही. संदर्भ नाही. असं पत्र मी आवकला कसं घेऊ? अक्कांनी शिकवलं नाही काय तुम्हाला?"

मी हसलो. त्यांनी पाण्याचा तांब्या सरकवला, ड्रॉवरमधून रेघांचा कागद काढला आणि मला त्यांच्या टेबलाशी बसवून पत्र पुन्हा लिहायला लावलं. विषय त्यांनी सांगितला, जन्मनोंद न आढळण्याच्या कारणाबाबत. संदर्भापाशी मी थांबलो. ते म्हणाले, आपल्याशी झालेली समक्ष चर्चा, असं लिहा. मजकूर माझा. प्रोग्रामनं जुन्या यंत्रावर तारीख चुकीची लावली. त्याची चाचणी मला माहीत असून मी वगळली होती. क्लार्कनं योग्य रीतीनं शोध घेतला होता आणि त्यांचा यात कोणताही दोष नाही. "मला माहीत असून" हे शब्द छापील पत्रात नव्हते. रेघांच्या कागदावर ते आले.

भाऊसाहेबांनी "कोणताही" पाशी बोट ठेवलं आणि आवकचा शिक्का मारला.

तिथून सुपडूभाऊंच्या घरी गेलो. ते केळीच्या शेतात होते. जागृती दारात होती. पत्राची प्रत मी तिच्याच हातात दिली आणि सांगितलं की तिचं वर्ष माझ्यामुळे गेलं. तिनं उभ्यानंच सगळं वाचलं. "मग तेव्हाच का नाही सांगितलं?" तिनं विचारलं. मी म्हणालो, घाबरलो. ती म्हणाली, यंदा पुन्हा फॉर्म भरलाय. पाणी विचारलं नाही. मीही थांबलो नाही.

अक्का, तुम्ही मला हळू म्हणालात, भित्रा म्हणाला नाहीत, आणि तेही माझ्या पाठीमागे, दुसऱ्याच्या टेबलाशी. हे मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. ऐकलं असतं तर मी तुमच्या जिवंतपणी पहूरला गेलो असतो का, हे मी स्वतःला विचारून पाहिलं आहे. खात्रीनं हो म्हणता येत नाही.

बाकीच्या अकरा शाळांना पत्रं गेली आहेत, जावक क्रमांकासकट. तीन शाळांमध्ये अशाच फाईली निघाल्या, दोन शाळांनी आमचा प्रोग्राम बंद केला. सोनवणे भाऊसाहेबांच्या सेवापुस्तकातला शेरा अजून तिथेच आहे. मुख्याध्यापक म्हणतात, संस्थेच्या बैठकीत ठेवू. बैठकीची तारीख ठरलेली नाही. भाऊसाहेबांच्या निवृत्तीला चौदा महिने आहेत. मी दर सोमवारी शाळेत फोन करतो.